खंडोबाच्या पाठीमागे

दौंड स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला इनुसभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. गणपती, लक्ष्मी, मक्का-मदिना, मदर मेरी, नाही तर कुणाचे गेलेले आजोबा, सगळे तिथे एकाच लाकडी पट्टीत आणि एकाच जातीच्या काचेखाली बसायचे. धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं तर इनुसभाई म्हणायचे, "देवाचा झ्याक चाललाय. त्याच्यात माझं भागतं."

तर या गृहस्थाला एक खूळ होतं. साठी आली तरी सुटलं नव्हतं. सेंट रॉक नावाच्या एका ख्रिस्ती संताची जुनी छापील चित्रं ते गोळा करायचे. विशीत असताना रेल्वे क्वार्टरमधून आलेली एक मोडकी फ्रेम त्यांनी उघडली, आणि आतून हा बाबा निघाला. हातात काठी, एक मांडी उघडी, मांडीवर जखम, पायाशी कुत्रा आणि कुत्र्याच्या तोंडात पाव. हे काय प्रकरण आहे ते त्यांना फिलोमिना टीचरनी सांगितलं. टीचर तेव्हा रेल्वेच्या शाळेत नव्यानेच शिकवायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, हा प्लेगच्या रोग्यांची सेवा करत हिंडायचा. मग यालाच प्लेग झाला. आपल्यापायी आणखी कुणाला नको म्हणून हा रानात जाऊन पडला, आणि तिथे एका कुत्र्याने रोज पाव आणून याला जगवलं.

इनुसच्या मनात ती गोष्ट जी बसली ती बसलीच. पुढे चाळीस वर्षांत दौंडची ख्रिस्ती रेल्वे कुटुंबं एकेक करून गाव सोडून गेली. जाताना पलंग विकले, कपाटं विकली, आणि भिंतीवरची तसबीर कुणी इनुसला देऊन गेलं. अशी अकरा चित्रं झाली. एक जर्मनीत छापलेलं, अजून रंग ताजे असलेलं. एक गोव्याकडून आलेलं, वाळवीने कोपरा खाल्लेलं. बाकीची अशीच कुठून कुठून. सगळी दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात. ती घरी आणायची सोय नव्हती. त्यांच्या बायकोने, मदिनाने, पहिल्याच वर्षी निकाल लावला होता. "आपल्यात घरात तसबीर नको म्हणतात आणि कुत्रंबी नको म्हणतात. तुम्ही दोन्ही एकाच कागदात आणता," असं तिचं म्हणणं.

बारावं चित्र फिलोमिना टीचरच्या घरी होतं आणि ते इनुसभाईंनी एकदाच, लांबून पाहिलं होतं. टीचरनी ते आईच्या खोलीत लावलेलं, आणि आई गेल्यावरही त्या खोलीत कुणाला नेत नसत. २००२ सालच्या उन्हाळ्यात त्याची काच तडकली, म्हणून टीचर स्वतः ते उराशी धरून दुकानात घेऊन आल्या.

इनुसभाईंनी चित्र फ्रेममधून बाहेर काढलं आणि दारातल्या उजेडात धरलं. शंभर वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत पुण्याकडच्या कुठल्याशा छापखान्यात ते निघालेलं होतं. काढणाऱ्याने विलायत पाहिली नसणार. त्याने सेंट रॉकच्या खांद्यावर झगा न देता घोंगडी दिली होती. कुत्रा आपल्या वाड्या-वस्तीवरचा, कान पडलेला, बरगड्या दिसणारा. त्याच्या तोंडात पाव नव्हता, भाकरी होती. आणि खाली, अगदी कडेला, बोटभर जागेत मराठीत दोन ओळींची प्रार्थना: हे धन्य रॉका, गाठीच्या तापापासून आमची लेकरे राख. असं चित्र दुसरं कुठे असेल असं इनुसभाईंना वाटेना.

"आठ दिवसांत दे," टीचर म्हणाल्या.

आठ दिवसांनी इनुसभाईंनी निरोप धाडला की पट्टी संपलीय. मग सांगितलं की काच पुण्याहून यायचीय. दोन्ही शुद्ध थापा. पट्टी होती, काचही होती. नव्हतं ते एवढंच, चित्र परत द्यायचं मन. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते चित्र काढून बघत बसायचे. चोरी करायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. पण परत द्यायचंही नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते. एक दिवस मुलगा, अनिस, पाठीमागून आला तेव्हा दचकून त्यांनी चित्र मांडीखाली सरकवलं. आपल्याच दुकानात आपल्याच पोरापासून लपवतोय, याची त्यांना लाज वाटली. पण लाज वाटून त्यांनी काय केलं, तर लपवायला आणखी चांगली जागा शोधली.

ही जागा समजायची तर त्या दुकानाची एक रीत समजून घ्यायला हवी. लोक देवाची नवी तसबीर करून नेतात आणि जुनी, फाटकी, दुकानातच ठेवून जातात. ती रद्दीत घालवत नाही, जाळवत नाही. इनुसभाईंच्या वडिलांनी नियम घालून दिला होता, की जुना देव ब्राऊन पेपरात सपाट गुंडाळायचा आणि नव्या देवाच्या पाठीला द्यायचा. म्हणजे त्याला घर मिळतं आणि नव्याला आधार मिळतो. गुंडाळी उघडून बघायची नाही, आणि आत कुणीही असो, तिला पातं लावायचं नाही. दुकानात अशा गुंडाळ्यांची गड्डीच असायची. इनुसभाईंनी सेंट रॉकला ब्राऊन पेपरात गुंडाळला, खळीने कडा चिकटवल्या आणि त्या गड्डीत मधोमध सरकवून दिला. तिथे कोण बघतंय.

मग ते दोन दिवस पाटसला भाचीच्या लग्नाला गेले.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, टीचर दुकानात आल्या. हातात काठी, पण पाठ ताठ. "माझी भाची न्यायला येतेय. रविवारी दुपारच्या गाडीनं मी वसईला चाललेय, कायमची. चित्र रविवारी सकाळी आण, चर्चमधल्या मासनंतर. फ्रेम नसली तरी चालेल."

त्या गेल्यावर इनुसभाईंनी गड्डी उपसली. लहान गुंडाळ्या होत्या तशाच होत्या. मोठी नव्हती.

"अनिस," त्यांनी आवाज जमेल तेवढा साधा ठेवत विचारलं, "हितं एक मोठं पाकीट व्हतं बघ."

"ते व्हय. कारेगावच्या त्या गिऱ्हाइकाच्या, मल्हारच्या, खंडोबामागं घातलं. त्येंची वास्तुशांत व्हती बुधवारी. तेवढा मोठा दुसरा जुना देव नव्हता गड्डीत. का वो अब्बा?"

"काय न्हाई."

पुढचा प्रश्न जिभेवर आला आणि तिथेच राहिला. कडेनं कापलंस का, हे त्यांना विचारायचं होतं. अनिसने दोन महिन्यांपूर्वी नवीन कटर आणला होता, आणि एकदा एका गुंडाळीची कड बोटभर उडवताना इनुसभाईंनी त्याला धरलं होतं. बापलेकांचं त्यावरून दोन दिवस बोलणं बंद. आता तोच प्रश्न पुन्हा विचारायचा तर त्या गुंडाळीत काय होतं आणि ते तिथे कुणी घातलं, हेही सांगावं लागलं असतं. बोटभर. प्रार्थनाही बोटभरच जागेत होती. त्या दिवशी इनुसभाईंना जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी पिशवीत पकड, हातोडी, चुका म्हणजे बारीक खिळे, आणि ब्राऊन पेपर भरला आणि कामाला जातो म्हणून निघाले. चौफुल्याला गाडी बदलली, न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूर गाठलं, आणि तिथून कंपनीच्या कामगारांनी भरलेल्या सहा आसनी रिक्षात, खरं तर अकराव्या आसनावर, कारेगावला उतरले. मल्हारचं घर विचारावं लागलं नाही. सगळ्यात नवा रंग त्याचाच होता.

मल्हार कामावर गेला होता. ओट्यावर त्याचे वडील तात्याबा बसले होते. उभी हयात मेंढरांमागे गेलेला माणूस. आता परड्यात बारा मेंढरं उरली होती आणि तीही तात्याबांच्या हट्टापायी. सूनबाई प्रगतीने पाणी आणून दिलं. आत हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, खंडोबा होता. पांढरा घोडा, म्हाळसा, पुढे धावणारा कुत्रा, काचेवर भंडाऱ्याची बोटं.

इनुसभाई काही बोलायच्या आत तात्याबांची मालकीण, अनसाबाई, बाहेर आल्या. पिशवीतली हातोडी दिसताच म्हणाल्या, "तुम्हीच का फ्रेमवाले? बरं झालं आलात. तुमच्या पोरानं फ्रेम दोन बोटं मोठी केली. देव्हारा मापानं बांधल्याला, देव आत बसंना. सगळ्या पावण्यांम्होरं देव टीवीवर लावाया लागला."

इनुसभाईंनी इतका चांगला दोष आयुष्यात ऐकला नव्हता. फ्रेम दोन बोटं मोठी. म्हणजे पोराने गुंडाळी कापली नव्हती. गुंडाळीला मापून फ्रेमच वाढवली होती. त्यांना त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण उघडून बघितल्याशिवाय छातीवरचं ओझं उतरणार नव्हतं.

"माफी करा, बाई. आन् अजून एक चूक हाय. देवाच्या पाठीला दुसऱ्याचा कागद लागलाय. तेवढा काढून घेतो, फ्रेम बी बारीक करून देतो."

"आता?" अनसाबाई दारातच उभ्या राहिल्या. "बुधवारी तळी उचलली, निवद दावला. बसवल्याल्या देवाच्या पाठीत पकड घालायची? ते काय जमायचं न्हाई. कसला कागद हाय एवढा?"

सांगायला पुष्कळ होतं. रेल्वेचा कागद, कोर्टाचा कागद, जमिनीचा कागद. जमिनीचा म्हटलं असतं तर त्या घरात लगेच पटलं असतं. इनुसभाई सकाळपासून गाडीत हेच जुळवत आले होते. पण ओट्यावरून तात्याबा शांतपणे त्यांच्याकडे बघत होते, आणि गेल्या पंधरा दिवसांतल्या थापांनी इनुसभाई स्वतःच विटले होते.

"एका म्हाताऱ्या बाईचं चित्र हाय," ते म्हणाले. "तिनं माझ्याकडं काच बदलाया दिलं. मला द्यावंसं वाटंना. म्हणून मीच लपवून ठिवलं, जुन्या देवांच्या गड्डीत. पोराला म्हाईत नव्हतं. त्यानं आपलं रीतीपरमाणं तुमच्या देवामागं घातलं. ती बाई उद्या गाव सोडून चाललीय. आतापोत्तर हे मी घरात बी सांगितल्यालं न्हाई."

बाहेर एक मेंढरू ओरडलं. इनुसभाईंच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, कारण लाइट गेलेली होती आणि पंखा बंद होता.

"आमच्या हातात न्हाई ते," अनसाबाई शेवटी म्हणाल्या. आवाज मघापेक्षा खाली आला होता. "त्याला इचारू. कौल लावू."

प्रगतीने झेंडूचं फूल आणलं. अनसाबाईंनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवून काचेवर चिकटवल्या, एक देवाच्या उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर काढायचं, डावी पडली तर आल्या वाटेनं जायचं. सगळे खाली बसले आणि वर बघू लागले.

अनसाबाईंचा देवावर भरवसा होता. इनुसभाईंची पंचाईत अशी, की त्यांना काच ठाऊक होती. कौल लावायचा तो दगडाच्या देवाला, तिथे पाकळी घसरते. नव्या गुळगुळीत काचेवर ओली पाकळी पाणी वाळेपर्यंत हलत नाही, आणि वाळली की कोणती आधी पडेल ते सांगता येत नाही. पाव तास गेला. तात्याबांची तंबाखू मळून झाली. इनुसभाई मनातल्या मनात अल्लाला विनवत होते की खंडोबाची पाकळी उजवी पडू दे, आणि आपण नेमकं कुणाकडे काय मागतोय याचा त्यांनाच मेळ लागत नव्हता. आपण लपवलं नसतं तर आज इथे एका पाकळीच्या तोंडाकडे बघत बसलो नसतो, एवढं मात्र त्यांना स्वच्छ कळत होतं.

तेवढ्यात लाइट आली. पंखा कुरकुरला, फिरला, आणि दुसऱ्या का तिसऱ्या फेऱ्याला उजवी पाकळी सुटून टीव्हीवर पडली. डावी आपल्या जागेवर फडफडत राहिली.

प्रगती पदर तोंडाला लावून हसली. तात्याबा म्हणाले, "देवानं वीजबोर्डाच्या मार्फत कौल धाडला."

"गप बसा," अनसाबाई म्हणाल्या. "वारा काय तुमच्या घरचा हाय? उजवी पडली ना. काढा वो भाऊ."

तात्याबांनी घोंगडी अंथरली. देव तिच्यावर पालथा ठेवताना अनसाबाईंनी स्वतः हात लावला. इनुसभाईंनी पकडीने एकेक चूक उपसली, पाठीचा हार्डबोर्ड उचलला. ब्राऊन पेपराची गुंडाळी जशी घातली होती तशी होती. चारही कडा त्यांच्याच खळीने चिकटलेल्या. त्यांनी खालची कड नखाने सोडवली आणि आत बघितलं. हे धन्य रॉका, गाठीच्या तापापासून आमची लेकरे राख. अक्षर न् अक्षर जागेवर.

इनुसभाई तसेच खाली बसून राहिले. त्यांना रडू आलं होतं आणि ते लपवायचं बळ आता त्यांच्यात नव्हतं. प्रगतीने न विचारता आणखी एक तांब्या पाणी आणलं.

"दावा की आमाला बी," तात्याबा म्हणाले.

इनुसभाईंनी गुंडाळी सोडून चित्र घोंगडीवर ठेवलं. तात्याबा दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून वाकले. "ह्यो तर धनगर हाय."

इनुसभाईंनी मग सगळी गोष्ट सांगितली. प्लेग, सेवा, गाठ, रान, कुत्रा. संपल्यावर तात्याबा म्हणाले, "आमच्या आज्याला बी गाठ आली व्हती. पोरगं व्हता तवा. लोकांनी रानात टाकला, कोण जवळ जाईना. कुत्रं तेवढं जवळ बसून राहिलं, म्हणायचा. त्यामुळं आमच्यात कुत्र्याला पहिली भाकरी. ह्या बाबाचं मला काय म्हाईत न्हाई, पर कुत्र्याचं खरं आसंल."

अनसाबाई आतून भंडाऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि चिमूट भरून चित्राकडे वाकल्या. शंभर वर्षांचा कागद, त्यावर हळद. पण आत्ता याच बाईंच्या घरात इनुसभाईंनी त्यांच्या देवाला पालथा घातला होता. नको म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

"अगं, कागद हाय. डाग पडंल," तात्याबा म्हणाले.

अनसाबाई थांबल्या. विचार केला आणि चिमूट ब्राऊन पेपरच्या गुंडाळीत सोडली. मग उभ्या राहून म्हणाल्या, "न्या तुमचा बाबा. पर माझ्या देवाची पाठ मोकळी ऱ्हायची न्हाई. चार दिस ह्यो त्याच्या मागं बसला, आता त्याच्या जागी त्याच्यातलाच दुसरा आणून द्या. हाय का तुमच्याकडं?"

"हाय," इनुसभाई म्हणाले. "मंगळवारी आणतो."

"तंवर देव घोंगडीवर बसंल. त्याला सवय हाय तिची."

रविवारी मासनंतर इनुसभाई टीचरच्या दारात उभे राहिले. खोलीत दोन ट्रंका आणि एक खुर्ची उरली होती. टीचरनी खुर्चीत बसून गुंडाळी उघडली, चित्र बघितलं, खालच्या ओळी ओठ हलवत वाचल्या. मग बोटं बघितली. बोटं पिवळी झाली होती.

"हे काय, इनुस?"

अनिसच्या अंगावर ढकलता आलं असतं. दुकानात चार दिवस सामान हलवलं, कुठे तरी हळद सांडली असेल, असंही चाललं असतं. इनुसभाईंनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, पट्टी संपली नव्हती इथपासून पंख्याच्या वाऱ्यापर्यंत. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं.

टीचरनी भंडाऱ्याची बोटं एकमेकांवर चोळली. "तू मागितलं असतंस तर मी दिलं नसतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं आहे. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू मागितलं नाहीस. पट्टी संपली म्हणालास तेव्हाच मला कळलं. तुझ्या दुकानात पट्टी कधी संपते?"

"मग मागाया का नाही आलात, टीचर?"

"आले असते तर तू दिलं असतंस. मग ते मी नेलं असतं, तू आणलं नसतंस." त्यांनी गुंडाळी होती तशी, भंडाऱ्यासकट, मिटली आणि ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवली. "आता काठी दे आणि ती ट्रंक उचल. माझी भाची मुंबईची आहे, तिच्यानं उचलायची नाही."

इनुसभाईंनी दोन्ही ट्रंका गाडीत चढवल्या. गाडी सुटली. चित्र गेलं, आता ते पुन्हा दिसायचं नव्हतं. त्यांनी आपल्या मनात हात घालून बघितलं, कुठे दुखतंय का. दुखत होतं थोडं, नाही असं नाही. पण पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांना सपाटून भूक लागली होती. घरी जाऊन त्यांनी मदिनाला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता तीन भाकरी खाल्ल्या. "तरीच म्हटलं," मदिना म्हणाली, आणि चौथी वाढली.

मंगळवारी सकाळी त्यांनी पेटी उघडली. खरं सांगायचं तर हात आधी गोव्याच्या चित्राकडेच गेला होता, वाळवीने खाल्लेल्या. पाठीमागेच तर राहायचं, कोण बघतंय. हे वाक्य मनात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला. हेच वाक्य म्हणत त्यांनी टीचरचं चित्र गड्डीत घातलं होतं. मग त्यांनी जर्मनीचं काढलं, सगळ्यात देखणं. अनिसने विचारलं तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं, आणि फ्रेम दोन बोटं वाढवल्याबद्दल त्याच्या पाठीवर हात ठेवला. अनिसला हे नवीनच होतं.

कारेगावला गुंडाळी चिकटवण्याआधी त्यांनी चित्र अनसाबाईंना दाखवलं. हे मापात लहान होतं, फ्रेमही त्यांनी दोन बोटं बारीक केली होती; देव आता देव्हाऱ्यात बसणार होता. अनसाबाईंनी निरखून बघितलं. तांबडा झगा, मोठी टोपी, गोरा चेहरा, गुबगुबीत कुत्रा.

"ह्यो त्यो न्हाई," त्या म्हणाल्या.

"त्योच हाय. फकस्त लांबचा हाय, परमुलखातला."

त्यांनी चित्रातल्या मांडीवरच्या जखमेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "बसू द्या मग. एवढ्या लांबून चालत आलाय, पायाला बी लागलंय. दमला आसंल."

इनुसभाईंनी चित्र गुंडाळलं, खंडोबाच्या पाठीशी नीट टेकवलं, वर हार्डबोर्ड ठेवला आणि एकेक चूक ठोकली. एकही वाकडी गेली नाही.